चहाला बावीस मिनिटं

आईच्या गुडघ्यांची झीज इतकी झाली होती की जळगावच्या डॉक्टरांनी उजव्याचं ऑपरेशन लगेच करायला सांगितलं. विम्याचे हप्ते मी वर्षानुवर्षं वेळेवर भरलेले, म्हणून निर्धास्त होते. मग कंपनीनं खातरजमा करायला आमच्या धरणगावच्या घरी एक तपासनीस पाठवला.

आईनं त्याला बसवलं आणि उठून चहा टाकला. तब्येत विचारली तर हसून म्हणाली, "बठ्ठं बरं शे." तिचं सगळं नेहमी बरंच असतं; दाराशी आलेल्याला आपली दुखणी सांगत बसायची आमच्याकडे रीतच नाही. पंधरा दिवसांनी कागद आला: 'स्वतः चालतात, स्वयंपाकघरात काम करतात. ऑपरेशनची तातडी नाही.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचाच चहा पिऊन हा गृहस्थ आमच्याच विरुद्ध साक्ष देऊन मोकळा!

भांडून मी दुसरी तपासणी पदरात पाडून घेतली. त्या सकाळी आईला बजावलं, "आज खाटेवरून हलायचं नाही. थोडं कण्हलीस तरी चालेल."

"मना पाय दुखस ते खरं शे, मंग नाटक काबर करू? आन घर येल माणूसले बिगरचहाना धाडू का?" म्हणाली, आणि तोच तपासनीस पुन्हा आल्यावर उठलीच.

या वेळी मी त्याला खुर्चीवर टेकू दिलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. "घड्याळ लावा, साहेब."

आई ओट्याला धरून सरकत होती. दुधाच्या पातेल्यापर्यंत जाताना दोनदा थांबली. खालच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला स्टुलावर बसली, आणि उठताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. एकाच घरात राहून! मला माझीच लाज वाटली. चहा व्हायला बावीस मिनिटं लागली.

तपासनीस खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, फॉर्ममध्ये फक्त हो किंवा नाही असतं."

"मग त्याच्याखाली लिहा. लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि तुम्हाला जाऊही देणार नाही."

आईनं कप त्याच्या हातात दिला. "दुखस, भाऊ. तरी करस. दोन्ही लिख."

त्यानं लिहिलं. मी शब्दन् शब्द वाचून सही केली.

तो गेल्यावर आई जी खाली बसली, ती संध्याकाळपर्यंत उठू शकली नाही. तेही मी वेगळ्या कागदावर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या जळगावच्या ऑफिसात देऊन, पोच घेऊनच परतले.