आबांचं एकोणसाठ

साळुंखे आबांना मी माझं पदवीचं सर्टिफिकेट पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा त्यांनी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, शिक्क्यावरून नख फिरवून बघितलं आणि म्हणाले, "कागद खरा हाय. आता तुजं बघू."

मला अस्सा राग आला! पुण्यात राहून तीन वर्षं स्पॅनिश घेऊन बी.ए. केलं होतं मी, तेही पहिल्या वर्गात. पण कुंडलला घरी परतल्यावर जो तो एकच विचारायचा, "ह्या पदवीचं पुढं काय?" खरं तर मलाही ते माहीत नव्हतं. शेवटी वडील म्हणाले, त्यांच्या पलटणीतले सुभेदार साळुंखे साताऱ्यात असतात. मूळचे कोरेगावचे. सैन्यातच स्पॅनिश शिकले आणि परदेशात शांतिसेनेबरोबर दुभाषे म्हणून राहिले. ते नोकरीपुरती तयारी करून घेतील. मग मी साताऱ्याला मावशीकडे मुक्काम ठोकला.

आबांचा कशावरच विश्वास नसे. मी नोकरीची जाहिरात नेली, की आधी कंपनीचा पत्ता खरा आहे का ते शोधायला लावत. 'घरबसल्या अनुवाद' असं काही दिसलं की म्हणत, "घरात बसवून ठेवत्याल. फुडं?" कॉलेजात पाठ केलेल्या कविता मी हौसेनं म्हणून दाखवल्या, तर डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाले, "लय ग्वाड. आता पेशंटला पोटात कळ येतीया का नुसतं दुखतंय, ते इचार बघू." मला विचारता येईना. तीन वर्षांत आमच्या पुस्तकात कुणाचं पोटच दुखलं नव्हतं!

मग ते पलीकडच्या खोलीतून मला फोन लावत, शेजारी मिक्सर चालू ठेवत आणि म्हाताऱ्या बाईच्या आवाजात स्पॅनिशमधून कण्हत. त्यांची पुतणी रोहिणीही माझ्याबरोबर शिकायची. आम्ही दोघी हसून बेजार व्हायचो. आबा मात्र गंभीर. "दवाखान्यात कोन तुमच्यासाटी गप ऱ्हानार हाय व्हय गं?"

दोन महिन्यांनी पुण्यातल्या एका कंपनीत माझी मुलाखत झाली. परदेशातल्या दवाखान्यांना ही कंपनी फोनवर दुभाषे पुरवायची. मुलाखत झकास झाली. संदर्भासाठी मी आबांचंच नाव दिलं होतं. पत्र तेवढं यायचं होतं. त्याच आठवड्यात आबांनी सहज विचारलं, "एकोणसाठ सांग." मी तोऱ्यात म्हणाले, "सेसेंता ई नुएवे." म्हणजे एकोणसत्तर. मराठीत साठ ऐकलं आणि मी साठाला नऊ जोडून मोकळी झाले. रोहिणी फिस्सकन हसली. आबांनी मात्र हातातली बशी खाली ठेवली आणि त्या दिवशीची शिकवणी तिथंच थांबवली.

पत्र काही येईना. कंपनीत फोन केला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, तुम्ही संदर्भासाठी ज्यांचं नाव दिलं होतं, त्यांनीच सांगितलं की हिला एवढ्यात घेऊ नका."

लगेच डोक्यात आलं, रोहिणी! आबांना ती जागा पुतणीसाठी हवी असणार. दोन महिने माझ्याकडून नोकरीची सगळी माहिती काढून घेतली आणि ऐनवेळी पाय ओढला. मी तशीच तणतणत त्यांच्या घरी गेले आणि दारातूनच तोंडावर हे सगळं बोलले. मोठं माणूस, वडिलांचे स्नेही, कशाची म्हणून भीड ठेवली नाही.

आबा शांतपणे म्हणाले, "संशय घेतलास, बेस केलंस. पर चुकीच्या मान्सावर घेतलास. सवतावर घे." मग त्यांनी मला बसवलं.

"आमी एका गावात बंदुका जमा करून घेत व्हतो. मी मराठीत मोजल्या, एकोणसाठ भरल्या. तिथल्या सायबाला स्पॅनिशमधी सांगितलं, सेसेंता ई नुएवे. तुज्यावानीच. सांजच्याला परत मोजल्या, तर धा कमी. ज्यानं गावातनं गोळा करून आनल्या व्हत्या, त्याला धरला. तीन दिस उन्हात बसवला. माजी चूक मला पहिल्याच दिशी कळली व्हती."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"न्हाई. बढती व्हती माजी." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी जाता-येता तो मला हाक मारायचा. त्याला वाटायचं, ह्या परक्या शिपायांत ह्योच एक मानूस आपली भाषा बोलतोय."

मनात आणलेल्या गोष्टींची लाज वाटली, पण राग पुरता गेला होता असंही नाही. नोकरी तर माझीच लटकली होती ना!

महिनाभर आम्ही फक्त आकडे केले. वजनं, ताप, गोळ्या, तारखा. कंपनीनं पुन्हा मुलाखत घेतली आणि मला घेतलं. मी पुण्याला गेले.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी फोनवर एका आजोबांचं वजन सांगायचं होतं. वजनावर औषध ठरणार होतं. आजोबा स्पॅनिशमध्ये म्हणाले एकोणसाठ, मी मनात मराठीत घोळवलं आणि नर्सबाईंना इंग्रजीत एकोणसत्तर सांगितलं. दोन वाक्यं पुढं गेले आणि चूक ध्यानात आली. कॉल रेकॉर्ड होत होता. नोकरी अजून कच्चीच होती. एवढ्यानं काय होतंय, असंही क्षणभर वाटलं, खोटं कशाला सांगू? पण थांबले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. एकोणसाठ."

कंपनीनं मला पंधरा दिवस कॉलवरून काढून शिकाऊंमध्ये बसवलं. रडू आवरत मी आबांना फोन केला. म्हटलं, आता चांगल्या शिव्या बसणार.

ते म्हणाले, "कितव्या दिशी सांगितलंस?"

"दिवस कसले, आबा? तिथल्या तिथं सांगितलं."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"लय सोपं व्हतं की गं मग," आबा म्हणाले.