ही फाइल वाचता कोण?

"आधी सांग, ही फाइल वाचता कोण?" कीबोर्डवरचा माझा हात बाजूला सारत बाई विचारायच्या. बाई मालवणच्या बाजूच्या. चिडल्या की मालवणीत शिरायच्या, आणि लिनक्ससमोर बसल्या की बहुतेक चिडलेल्याच असायच्या. चारकोपला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळायचो.

लिनक्सच्या मशीनचं घड्याळ जुळवायला तुम्ही कधी बसला असाल, तर तुम्हाला माझी दया येईल. नेटवरून बरोबर वेळ आणून मशीनला लावणारे प्रोग्राम एक सोडून तीन-तीन. प्रत्येक जण वाचतो ती सेटिंगची फाइल वेगळी, आणि नेटवरचं प्रत्येक पान छातीठोकपणे सांगणार, हीच फाइल बदला! मी वैतागून म्हणायचो, "बाई, खोटं लिहितात हो हे लोक." त्या म्हणायच्या, "खोटा नाय रे. ता दुसऱ्याच्या मशीनचा आसा."

आमच्याकडे दहिसरहून रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या आणणारा एक माणूस होता. मोटारसायकलला पेटी बांधून यायचा. घरात कमावता तो एकटाच. एके दिवशी लॅबच्या साहेबांनी त्याला कॉम्प्युटरवरच्या नोंदी दाखवल्या. नळ्या रोज उशिरा पोचतात, रक्त खराब होतं, उद्यापासून येऊ नकोस. बिचारा रडकुंडीला आला. "बाई, आईशपथ, मी वाटेत चहालापण थांबत नाय."

बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. नळी स्कॅन केली की सर्व्हर आपल्या घड्याळाची वेळ नोंदवायचा. बाईंनी ते घड्याळ उघडून पाहिलं. चक्क अर्धा तास पुढे!

मी लगेच वेळ सरळ करायला धावलो.

"हात लावू नको मेल्या! आता बरोबर केलंस तर ह्याच्यावरचो आळ तसोच रवतलो."

घड्याळ चुकलेलंच ठेवून बाई साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन बसल्या. साहेब म्हणाले, मीटिंग आहे. "असू दे. मी बसते." साहेब जेवायला निघाले तरी बाई तिथंच. शेवटी वैतागून ते काउंटरवर आले. बाईंनी नळी त्यांच्याच हातात दिली. "स्कॅन करा. आता मनगटावरचं घड्याळ बघा." साहेबांची स्वतःची नोंद अर्धा तास उशिराची पडली. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्या माणसाकडे वळून पुटपुटले, "उद्या ये रे, नेहमीसारखा."

त्यानंतर बाईंनी मशीनचं कोडं उलगडलं. कुठल्याशा अपडेटमध्ये घड्याळ जुळवणारा प्रोग्रामच बदलला होता. जुना बंद पडला, त्याची फाइल मात्र जागेवर. मी नेटवरची पानं वाचून वाचून इमानेइतबारे तीच सुधारत होतो. नव्याच्या फाइलीला कोणी हातच लावला नव्हता. बाईंनी ती नीट केली. जुनी पुसली नाही. तिच्यात वरच मराठीत लिहून ठेवलं, "ही फाइल कोणी वाचत नाही. खरी दुसरी आहे, ती शोध."

त्या माणसालाही त्यांनी काम लावून दिलं. पेटी ठेवली की पडद्यावरची वेळ बघायची, आपलं घड्याळ बघायचं आणि आत ओरडून सांगायचं. तो रोज ओरडायचा, "बाई, बरोबर!" आतून उत्तर यायचं, "जा मगे, आता चाय पी!"

गेल्या वर्षी बाई गेल्या. दुखणं शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. सगळ्या मशीनांच्या तक्रारी ऐकणाऱ्या बाईंना स्वतःची एक सांगता आली नाही, याचा मला अजून राग येतो. फार आठवण येते हो त्यांची.

त्या गेल्यावर तो माणूस काही दिवस पेटी ठेवून गुपचूप निघून जायचा. मग एकदा पडद्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं आणि सवयीनं ओरडला, "बाई, बरोबर!" ओरडला आणि आतल्या दाराकडे बघत उभा राहिला.

मी कांदिवलीत वाढलेला, मालवणी मला कुठली यायला? तरी आतून ओरडलो, "जा मगे, आता चाय पी!"