‘उद्या या’ कोण म्हणतं?

सेनगावच्या एका कचेरीत मी कंत्राटी ऑपरेटर आहे. खिडकीच्या आत खुर्ची, मागे कपाट. बाहेर पडायचं तर आधी खुर्ची उचलावी लागते. सर्व्हर बंद पडला की अंगठा देऊन अर्ज भरायला बाहेर रांगेत उभ्या बाया माझ्याकडे बघतात, मी स्क्रीनकडे. अशाच एका दुपारी गाणं जुळवलं आणि रांगेला म्हणून दाखवलं:

गोल फिरतंय, गोल फिरतंय, चाक काही थांबंना,
अंगठा घासला कपाळाला, मशीन मला वळखंना,
अर्ध्यात अडलं पान माझं, पुढं काही सरकंना,
अन् कॉम्प्युटर म्हणतो हसून, बाई, उद्या या.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. पुसेगावपर्यंत फिरून ते आमच्या कचेरीच्या साहेबांकडे पोचलं. माझ्या मुदतवाढीचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता.

“बसा. अर्थ सांगा. एकेक ओळ.”

माझे वडील चळवळीची पत्रकं वाटायचे; मी वाचायला शिकले ती त्यांवरच. अर्थ समजावून सांगावा लागला तर पत्रक फुकट गेलं, असं ते म्हणत. आणि मी इथे चाकाचा अर्थ सांगत होते.

“पान उघडेपर्यंत फिरतं ना, ते चाक, साहेब.”

“मला वाटलं, लोकांना चकरा मारायला लावतो तो मी.”

“न्हाई साहेब.”

“आणि अंगठा?”

“कापूस वेचून रेघा जातात. कपाळाचं तेल लागलं की मशीन कधीकधी घेतं.”

एकेक ओळ मी अशी बिनविषारी करत गेले. सांगितलं ते सगळं खरंच होतं, म्हणून जास्त गुदमरत होते. साहेब हसले. “म्हणजे मशीनचीच थट्टा. मग स्नेहसंमेलनात म्हणा की.” त्यांनी पेन उचललं, आणि थांबले. “पण कॉम्प्युटर कुठे ‘उद्या या’ म्हणतो?”

“न्हाई म्हणत,” मी म्हणाले. “ते आपण म्हणतो.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “ती ओळ काढा. मग बघू सहीचं.”

मी परत येऊन खिडकीत बसले. चाक फिरतच होतं. समोरची आजी अंगठा कपाळाला घासत म्हणाली, “व्हईल का गं पोरी आज तरी?”

मी तोंड उघडायच्या आत मागून एकीने चालीवर म्हटलं, “बाई, उद्या या.” रांग हसली. आजी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

ओळ मी काढलेली नाही. कागद अजून टेबलावरच आहे. पण त्या दिवशी आजीला दुसरं काही सांगणं मलाही जमलं नाही.