खाप्याच्या बसमधला परदेशी विद्यार्थी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ हाताळले. पण मनातून जात नाही ते एका परदेशी विद्यार्थ्याच्या चौकशीचं साधंसं प्रकरण.

तेव्हा मी पश्चिम नागपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी निनावी फोन आला. "साहेब, आमच्या गल्लीत आफ्रिकेतला पोट्टा राहते. रोज संध्याकाळी बॅग घेऊन निघते अन् रात्री येते. मले गडबड वाटून राहिली."

मला लगेच अमली पदार्थांचा वास आला. साध्या वेशातला हवालदार मागावर लावला. मुलगा नागपूरजवळच्या खापा गावाची एसटी धरायचा, खाप्याला एक चहा घ्यायचा आणि त्याच बसने परत यायचा. तिथे कोणाला भेटणं नाही, काही देणं-घेणं नाही. पोलिसाला याहून संशयास्पद काय वाटणार? तिसऱ्या दिवशी त्याला स्टँडवरूनच ठाण्यात आणलं.

बॅगेत निघालं अभियांत्रिकीचं पुस्तक आणि बिस्किटांचा पुडा. मी त्याला चांगलंच दरडावलं, पण रोज खाप्याला कशाला जातोस, याचं उत्तर तो देईना. त्याच्या व्हिसाची मुदतवाढ आमच्या अहवालावर अडकलेली होती. प्रतिकूल शेरा गेला असता तर शेवटचं सत्र सोडून त्याला मायदेशी जावं लागलं असतं. चौकशी संपेपर्यंत रोज संध्याकाळी पाचला हजेरी लाव, असं मी बजावलं.

कॉलेजात गेलो. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही काय ते करा, फक्त आमचं नाव येऊ देऊ नका. यंदा आणखी परदेशी मुलं आणायची आहेत." बाहेर फाटकावरच्या फलकावर याच मुलाचा हसरा फोटो होता.

पडताळणीला दोन शेजाऱ्यांचे जबाब लागतात, म्हणून गल्लीत फिरलो. मुलगा तिथे दीड वर्ष राहत होता. त्याचं नाव एकालाही सांगता आलं नाही. गणपतीत त्याच्यासोबत फोटो मात्र सगळ्यांनी काढले होते. घरमालक कौतुकाने म्हणाले, "पोरगा लय चांगला हाये साहेब, आवाजच नाही त्याचा."

हजेरीच्या तिसऱ्या संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन एक बाई ठाण्यात आल्या. त्या खाप्याहून नागपूरच्या धरमपेठेत भाजी विकायला येत. मुलाला पोलिसांनी नेलं, हे त्यांना बसच्या कंडक्टरने सांगितलं होतं.

"माह्या शेजारी बसते हा पोट्टा. काहून बसवून ठेवलं जी त्याले?"

"तुम्ही काय ओळखता त्याला?" मी विचारलं.

त्यांनी त्याचं पूर्ण नाव सांगितलं. त्याच्या आईचे गुडघे दुखतात, धाकटी बहीण नर्सिंगला आहे, हेही सांगितलं. "बाप वारला तवा परीक्षा होती, जाता नाही आलं. बसमंदीच रडला माह्यापाशी."

मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मग मोडक्या हिंदीत बोलला. "सर, वर्गात माझ्या बाकावर कोणी बसत नाही. बसमध्ये गर्दी असते, तिथे कोणीतरी बसतंच."

मला लाज वाटली. तीन संध्याकाळी मी त्याची तेवढी बसही बंद केली होती.

हद्दीबाहेरच्या साक्षीदाराचा जबाब खरं तर चालत नाही. मी घेतला. खाली बाईंचा अंगठा, दुसरी सही कंडक्टरची. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा सांगितलं की हद्दीत त्याला ओळखणारा कोणी सापडला नाही. मुदतवाढ मिळाली. शिक्षण संपवून मुलगा मायदेशी गेला.

गेल्या महिन्यात माझ्याच पासपोर्टची पडताळणी आली. पत्नी गेल्यापासून एकटाच असतो, मुलगी परदेशात बोलावते आहे. तरुण शिपाई दारात उभा राहिला. "साहेब, रीतच आहे म्हणून विचारतो. दोन शेजाऱ्यांची नावं सांगा."

या इमारतीत मला नऊ वर्षं झाली. जिन्यात सगळे नमस्कार करतात, साहेब म्हणतात. समोरच्या दारावर पाटी आहे, ते नाव सांगितलं. दुसरं काही आठवेना. शिपाई पेन धरून थांबला होता.

त्याला बसायला सांगितलं, चपला घातल्या आणि बाजूच्या शेजाऱ्याचं नाव विचारायला त्याचीच बेल वाजवली.