फोटो नॉर्मल आहे, पेढे घ्या

माझे बाबा जिना कधी सरळ उतरले नाहीत. आधी डावा पाय खालच्या पायरीवर, मग कठड्याला धरून उजवा त्याच्या शेजारी. पुन्हा डावा. मोहने गावात आमची खोली पहिल्या मजल्यावर होती. बाबा पाणी भरायला खाली निघाले की शेजारची मुलं मागे थांबून राहायची, कारण जिना अरुंद आणि बाबांना घाई जमायची नाही.

ते कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. शिफ्ट सुटली की कॉलनीच्या ग्राउंडवर फुटबॉल खेळायचे. एकदा पळता पळता वळले आणि गुडघा आतल्या आत फिरला. कोणीतरी गरम तेलाने चोळून दिला. डॉक्टरांनी फोटो काढला. एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणतात. फोटोत काही निघालं नाही, म्हणून सूज उतरायच्या आत बाबा परत शिफ्टला. पुढे तो गुडघा कधीही, कुठेही दगा द्यायचा. एक दिवस शिडीवर असताना दिला. पडले, काम गेलं. मग टिटवाळ्याला एका नवीन बिल्डिंगवर वॉचमन झाले, खुर्चीवर बसायचं काम. आई पहाटेपासून लोकांच्या चपात्या लाटायची, आणि पिठाचे हात तसेच ठेवून मला अभ्यासाला उठवायची.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. फिजिओथेरपीची. डिग्री फ्रेम करून क्लिनिकमध्ये समोरच लावलीय, येणाऱ्याला आधी तीच दिसते, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण त्या डिग्रीवर इतकी वर्षं मी काय केलं असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर असं की लोकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. फोटोत हाड दिसतं. फक्त हाड.

आता पेढ्यांचं सांगते.

डोंबिवलीला लागून एक गाव आहे. गाव म्हणायचं एवढंच, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. तिथल्या बळीरामकाकांची शेतं त्या टॉवरखाली गेली, पण एक मोकळं मैदान त्यांनी विकलं नाही. तिथे ते दरवर्षी आईच्या नावाने मुलींची फुटबॉल टूर्नामेंट भरवतात. हार-तुरे, लाउडस्पीकर, सगळ्या टीमना मटणाचं जेवण. त्यांची मुलगी प्राची गावच्या टीमची डिफेंडर. वय बावीस, अंगाने काटक, तोंडाने फटकळ.

मी त्या टूर्नामेंटची फिजिओ. मैदानावर मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. मी 'स्प्रेवाली मॅडम'. पोरगी पडली की बाहेरून ओरडा सुरू होतो, "मॅडम, स्प्रे मारा, स्प्रे!" स्प्रेने कातडी थंड पडते, थोडा वेळ दुखणं कळत नाही. बस. आतलं काही जुळत नाही. हे मी माइकवरून सांगून पाहिलं. पब्लिकने टाळ्या वाजवल्या आणि पुढच्याच मिनिटाला ओरडले, "मॅडम, स्प्रे!"

फुटबॉलमध्ये रोजचं दुखणं म्हणजे घोटा मुरगळणं. पाय आत वळतो, बाहेरच्या बाजूला सूज येते. त्यानंतर मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग. जोरात पळताना कोणीतरी मागून दगड मारल्यासारखं वाटतं, मुली वळूनही बघतात की कोणी मारला. पोटरीत गोळा येतो तो क्रॅम्प, हळूहळू ताणला आणि पाणी पाजलं की जातो. डोक्याला मार लागून चक्कर आली किंवा काही सुधरेनासं झालं तर त्या दिवशीचा खेळ संपला, यावर चर्चाच नाही. घोटा आणि स्नायूंचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं औषध साधं आहे. खेळ थांबवा. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. क्रेप बँडेज बांधा, आवळून नाही. पाय उशीवर उंच ठेवा. शेक नको, तेल नको, चोळणं तर मुळीच नको. आत ताजं रक्त साचलेलं असतं, चोळलं की सूज आणखी वाढते. पाय टेकवतच नसेल तर मात्र डॉक्टर गाठायचा.

हे सगळं घरात बसून होण्यासारखं. गुडघ्याचं तसं नाही.

सेमीफायनलला प्राची एकटीच होती. म्हणजे तिला कोणी धक्का दिला नाही, कोणी पाय घातला नाही. धावत आली, बूट गवतात रुतला, अंग वळलं, पाय वळला नाही. ती खाली बसली. मी पोचले तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "मॅडम, आत काहीतरी टप् करून वाजलं."

ते वाक्य मला नको असतं. काय तुटलंय ते मला तिथेच कळलं होतं.

मी तिला बाहेर काढलं. बर्फ लावला, बँडेज बांधलं, बळीरामकाकांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, चोळायचं नाही. उद्या ऑर्थोपेडिकला दाखवा आणि एमआरआय काढा. एमआरआय."

"करतो गो बाय, तू टेन्शन नको घेऊ," काका म्हणाले.

फायनल पुढच्या रविवारी होती. त्या फायनलला ठाण्याहून एका सरकारी खात्याच्या टीमचे सिलेक्टर येणार होते. मुलगी आवडली तर टीममध्ये, आणि टीममध्ये म्हणजे नोकरीत. प्राची तीन वर्षं त्या एका दिवसासाठी खेळत होती. घरी भाड्याचे पैसे येतात, नोकरीची गरज नाही असं गावात लोक म्हणायचे. प्राचीला ते आवडायचं नाही. "पप्पांच्या जागेवर पप्पा मोठे," ती म्हणायची, "मी काय केलं?" हे मला बरोबर कळायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन. "मॅडम, पोरीचा फोटो नॉर्मल आलाय! पेढे खायला या."

गेले. ओटीवर पंधरा माणसं. पेढ्यांचा बॉक्स फिरत होता. टीमचा कोच चेतन भिंतीला टेकून उभा होता, त्याने मला बघताच अंगठा दाखवला. प्राची सोफ्यावर, ट्रॅकपॅन्टमध्ये. घरभर लसूण घातलेल्या गरम तेलाचा वास.

"चोळलंत ना?" मी विचारलं.

"थोडंच," काकू म्हणाल्या. "पोरगी रात्रभर कण्हत होती ओ, मंग काय बघत बसू?"

चेतन पुढे आला. "मॅडम, मी टेस्ट घेतली. पाच उठाबशा काढल्या तिने. सगळ्यांसमोर. विचारा कोणालाही."

"चेतन, सरळ चालणं आणि उठाबशा फाटलेल्या लिगामेंटवरही जमतात."

"लिगामेंट फाटलं असतं तर ती उभी राहिली असती का?"

"राहते."

"पण फोटो..."

"फोटोत हाड दिसतं, चेतन. फक्त हाड."

मी इतक्यांदा बोललेय हे वाक्य की माझ्या तोंडून ते आता रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं येतं. कोणी ऐकत नाही अशा आवाजात.

गुडघ्याच्या आत एक जाड दोरी असते. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड ती धरून ठेवते, नडगीला पुढे सरकू देत नाही. तिला एसीएल म्हणतात. ती तुटली तर माणूस सरळ रेषेत चालतो, पण पळता पळता वळला की गुडघा जागचा सरकतो. असं होत राहिलं की मधली गादी चिरडते. गादी गेली की तिशीत म्हातारा गुडघा.

मी ट्रॅकपॅन्ट वर करायला सांगितली. गुडघा नारळाएवढा झालेला. काकूंनी तोंडावर पदर धरला.

"ही सूज उतरेल," चेतन म्हणाला. "रविवारला सहा दिवस आहेत. पट्टा बांधू. तुम्ही स्प्रे घेऊन लायनीवर थांबा. अर्धा तास तरी खेळू दे. सिलेक्टर परत कधी येणार मॅडम?"

"मी खेळणार," प्राची म्हणाली. माझ्याकडे न बघता. "मॅडम, तुम्ही मला घाबरवू नका. माझा पाय आहे."

खरं सांगायचं तर मी उठून जाणार होते. सकाळपासून सहा पेशंट झाले होते, जेवण राहिलेलं. आणि असं पंधरा जणांशी भांडून आजवर मी एकदाही जिंकलेले नाही. मग मला बाबांचा जिना आठवला आणि मी बसले.

"काका, तुमचा हात द्या," मी म्हणाले.

"माझा?"

"इकडे या. खाली बसा."

काका मांडी घालून सोफ्यापुढे बसले. आधी प्राचीचा चांगला पाय घेतला. गुडघा थोडा वाकवला, एका हाताने मी मांडी घट्ट धरली. काकांचा हात नडगीवर ठेवला, वरून माझा हात, आणि नडगी पुढे ओढली. जरा सरकली आणि थांबली. दोर ताणला की थांबतो तशी.

"कळलं थांबलं ते?"

"व्हय."

मग दुखरा पाय. प्राचीने दात आवळले. नडगी पुढे आली. आणि आली. थांबा म्हणणारं आत काही नव्हतंच.

काकांनी हात झटकन काढून घेतला. मग स्वतःहून परत ठेवला. "पुन्हा कर," म्हणाले. मी पुन्हा केलं. काकांकडे पूर्वी बैल होते, भाताच्या शेतावर. जनावर ज्या दोराने बांधतात त्याला ते दावं म्हणतात.

"दावं तुटलंय गो हिचं," ते म्हणाले.

चेतन काहीतरी बोलायला गेला. काका उठले, पेढ्यांचा बॉक्स बंद केला आणि आत ठेवून आले. "मैदान माझं हाय," ते चेतनला म्हणाले. "माझी पोरगी रविवारी खुर्चीवर बसंल."

प्राची रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं समाधान?"

झालं नव्हतं. तसं ते कधी होत नाही. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं निघालं, गादी मात्र शाबूत होती. फायनलला प्राची कुबड्या घेऊन बसली. गावची टीम हरली. सिलेक्टरनी समोरच्या टीमची मुलगी निवडली. बक्षीस समारंभात चेतनने मला नमस्कार केला नाही, आणि लोकांत कुजबुज ऐकू आली की फिजिओने घाबरवलं म्हणून हरलो.

पुढचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून कोणी त्याच्या गोष्टी सांगत नाही. आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, मांडीला ताकद हवी. मगच ऑपरेशन. त्यात मांडीच्या मागच्या स्नायूचा दोरीसारखा भाग काढून त्याची नवीन दोरी घालतात. त्यानंतर नऊ महिने ते वर्ष. सुरुवातीला पाय सरळ करून नुसता उचलायचा, हेच. दिवसेंदिवस हेच. प्राची माझ्या क्लिनिकमध्ये यायची, भिंतीवरच्या माझ्या डिग्रीकडे तोंड करून झोपायची आणि शिव्या द्यायची. मी मोजत राहायचे. मध्ये तीन आठवडे आलीच नाही. काका स्कूटरवर बसवून घेऊन आले, दारात सोडलं आणि म्हणाले, "आता तू बघ. मना ती ऐकत नाय."

"माझंही नाही ऐकत."

"तरी पन तू बघ."

चेतन दर महिन्याला मेसेज करायचा, कधी उतरवायची? मी दर महिन्याला तेच लिहायचे. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या जवळपास आली, एका पायावर उडी मारून ती न डगमगता उतरली आणि वळताना तिला स्वतःला भीती वाटली नाही, की मग. कॅलेंडर बघून नाही.

पुढच्या वर्षीच्या टूर्नामेंटला काकांनी पहिल्या दिवशी माइक हातात घेतला. "ऐका रे सगळी. स्प्रेवाली मॅडम ज्या पोरीला बाहेर बोलवंल ती बाहेर. कोचने वाद घातला तर कोच पन बाहेर." लोक हसले. चेतनही हसला. त्या सीझनला तीन मुली मी बाहेर काढल्या आणि वाद कोणी घातला नाही. नाव मात्र स्प्रेवालीच राहिलं.

सिलेक्टर पुन्हा आले होते. प्राची पूर्ण मॅच खेळली, पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत. बुटांचे खिळे रुतले, ती वळली, गुडघाही वळला. सिलेक्शन झालं नाही. त्यांना एकोणीस-वीसच्या मुली हव्या होत्या.

मॅच संपल्यावर मी बॅग भरत होते. प्राची स्टेजच्या पायऱ्यांवरून खाली येत होती. खांद्यावर किट, एका हातात मोबाइल, कठड्याकडे लक्षही नाही. एक पाय एका पायरीवर, दुसरा पुढच्या. मधल्या दोन तर तिने उडी मारून चुकवल्या.

ती म्हणाली, "चला मॅडम, मटण संपेल."

नोकरी तिला मिळाली नाही. ती आता गावातल्या लहान मुलींना फुटबॉल शिकवते, आणि पहिला अर्धा तास वळायचं कसं, उडीनंतर उतरायचं कसं तेवढंच घेते. माझे बाबा अजून आधी डावा पाय टाकूनच जिना उतरतात. प्राची सरळ उतरते.