पळा पोरांनो की नवरीचा जोडा

शेटलंड बेटांवरच्या रॅस्मीचा पाय मासेमारीच्या होडीखाली चिरडला होता. लंगड्याला आरमारात कोण नेणार? बाकी गावाला मात्र तीच धास्ती. इंग्रजांची फ्रेंचांशी लढाई पेटलेली. धडधाकट गडी दिसला की इंग्रज आरमाराचे शिपाई काठ्यांनी बडवून त्याला जबरदस्तीने जहाजावर नेत. म्हणून गावाने ठरवलं होतं: लग्नात फिडल, म्हणजे तिथलं व्हायोलिन, वाजवताना रॅस्मीने ‘पळा पोरांनो’ ही धून धरली, की गड्यांनी मागच्या दाराने डोंगरात पळायचं. धून थांबली, म्हणजे धोका टळला.

ओस्लाच्या लग्नात, भर दुपारी, रॅस्मीला खिडकीतून चढण चढणारे शिपायांचे निळे डगले दिसले. फिडलवर गज दोनदा घसरला, पण धून लागली. गडी एकेक करून सटकले. बायका बायकांचेच हात धरून नाचत राहिल्या. धाकटा भाऊ लॉरी मात्र हलेना.

“गेल्या खेपेलाही उगाच पळवलंस, दादा! शिडाचं गलबत दिसलं की तुझी बोबडी वळते.”

“लॉरी, गळ्याची आण! खरंच आलेत रे, नीघ!”

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. अधिकाऱ्याने रिकामी बाकं पाहिली, मग रॅस्मीकडे वळला.

“काय नाव या धुनेचं?”

खरं नाव सांगणं म्हणजे आपणच गळ्यात फास घालणं. समोर ओस्लाच्या पायातले नवे जोडे दिसले.

“‘नवरीचा जोडा’, साहेब.”

“बरी आहे. वाजव.”

शिपायांनी लॉरीच्या मुसक्या बांधल्या. “दादा! अरे, थांब ना! सोडव मला!” तो ओरडत होता. पण वाजवणं थांबलं असतं तर डोंगरातले सगळे आयते परतले असते. रॅस्मी डोळे मिटून वाजवत राहिला. घामाने हनुवटीखालचं लाकूड ओलं झालं.

लॉरी परत आला नाही. वाचलेल्यांच्या घरी धुनेचं जुनंच नाव राहिलं. शिपायांनी शिट्टीवर नेलेला ‘नवरीचा जोडा’ दूरच्या बंदरांत रुजला. आई मात्र त्या धुनेला ‘लॉरीला नेलं ती’ म्हणायची. ते ऐकलं की रॅस्मी गज खाली ठेवी. ती नुसतं नाव घेते की आपल्याला बोल लावते, हे विचारायची छाती म्हातारी जाईपर्यंत त्याला झाली नाही.