शेवटच्या ओळीतलं नाव

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही—आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, असं ती साऱ्या गल्लीला सांगत असते. परवापासून मात्र जीव थाऱ्यावर नाही. जेवायला बसतो, उठतो. टीव्ही लावतो, बंद करतो.

परवा बजाजनगरात आमच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता. वर्षभरात आमच्यातले चौघं गेले, त्यांच्या आठवणीत गाणी. मंचावर चौघांचे फोटो, हार. सुदामच्या फोटोखाली लिहिलं होतं—कोरस गायक. ते वाचून मी नजर वळवली. का वळवली? तेच तर सांगायचंय, पण जीभ रेटत नाही.

सुदाम आणि मी वाळूजला एकाच कंपनीत होतो, शिफ्टच्या बसमध्ये शेजारी बसायचो. तिथंच एकदा त्यानं नवं गाणं हळूच म्हणून दाखवलं. खडी फोडणाऱ्या बापावरचं. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. आणि खरं सांगू? पोटात दुखलंही. मीही गाणी लिहायचो—माझ्या गाण्यानं कधी कुणी रडलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सिल्लोडला जयंतीचा कार्यक्रम होता. ऐन वेळी सुदामचा घसा बसला. "तूच म्हण," तो म्हणाला. "तुलाच तेवढं ठावं हाय."

आमच्या गाण्यांत शेवटच्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव येतं. गाणं कुणाचं ते लोकांना त्यावरूनच कळतं. मी गात होतो, समोर माणसं रडत होती, आणि शेवटच्या ओळीत 'सुदाम'च्या जागी मी—'विलास' म्हटलं. माझं नाव. चुकून? नाही. आधीच्या कडव्यातच माझं ठरलं होतं.

गायकाची ओळ कोरसला उचलावी लागते. मागे सुदाम उभा होता. बसलेल्या घशानं त्यानंही 'विलास' म्हटलं.

परतताना जीपमध्ये तो एवढंच म्हणाला, "लई रंगलं आज." मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढे ते गाणं माझं म्हणूनच गाजलं. प्रत्येक कार्यक्रमात तो माझ्या मागे उभा राहून माझंच नाव म्हणत राहिला. बसमध्ये मला नवं गाणं मात्र त्यानं पुन्हा ऐकवलं नाही. पुढे काही लिहिलं की नाही, कोण जाणे.

परवा माझी पाळी येण्याआधी त्याची बायको, कांताबाई, माझ्याजवळ आली. "भाऊजी, तुमचं ते बापाचं गाणं म्हणा. घरी तेच गुणगुणायचे. शेवटची ओळ तेवढी सोडायचे. मी म्हणायची, पुरं करा की! तर नुसते हसायचे."

म्हणजे त्यानं तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. माझी लाज त्यानं स्वतःच्या घरातही राखली होती!

माईकपुढे गेलो तेव्हा ठरवलं होतं—आज त्याचंच नाव घ्यायचं. अवघड काय होतं त्यात? एक नाव तर म्हणायचं होतं. शेवटची ओळ आली. पहिल्या रांगेत कांताबाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. लोक वाट पाहत होते.

मी 'विलास' म्हटलं. कोरसनं उचललं. टाळ्या पडल्या.

खाली उतरलो तर कांताबाईनं हात जोडले. म्हणाली, "त्यांचा जीव निवला असंल आज."

मी म्हणालो, "व्हय."